पहिल्या घरातला रांजण

"ह्या रांजणात वाळू कुणी भरली?"

मी काचेच्या कपाटावरची धूळ पुसत होते. वळून पाहिलं तर एक म्हातारी मधल्या खोलीत माझ्याकडे पाठ करून उभी होती. नऊवारी लुगडं, काखेत कापडी पिशवी, पायात काही नाही. चपला दाराबाहेर काढून आली होती. आमच्याकडे येणारे लोक सहसा तसं करत नसत.

"मीच भरली," मी म्हणाले.

तिनं ऐकल्याचं दाखवलंसुद्धा नाही. पुन्हा तोच प्रश्न, आधीपेक्षा मोठ्या आवाजात. मी पुन्हा तेच उत्तर दिलं. ही नक्की भोंगळ्यांच्या, म्हणजे या वास्तूच्या मालकांच्या, घरातली असणार, असं मला वाटलं. नोकरमाणसाकडे वळून बघण्यात कमीपणा वाटत असेल. मी सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि तिसऱ्यांदा म्हणाले, "मीच भरली, आजी. फेब्रुवारीत."

माझ्या तोंडाकडे तिनं टक लावून पाहिलं. मग डोळे मिटले आणि पिशवीसकट खाली बसली.

ही गोष्ट शहाण्णव सालच्या एप्रिलमधली. मी चोवीस वर्षांची होते, इतिहासात एम. ए. झाले होते आणि त्या एवढ्याशा भांडवलावर स्वतःला भलतीच शहाणी समजत होते. नवचारी या गावातल्या 'पहिलं घर' नावाच्या संग्रहालयाची मी देखभाल करत असे. संग्रहालय म्हणजे तीन खोल्या, मातीच्या भिंती, वर पत्रा आणि मागच्या अंगाला कालव्याचा पाट. पाट नवा होता तेव्हा सासवडकडची आठ माळी कुटुंबं बैलगाड्यांतून इथं आली. उजाड माळ होता, साप होते, बाभळी होत्या. पाटाच्या नवव्या चारीवर, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या फाट्यावर, त्यांनी वस्ती केली, म्हणून गावाचं नाव नवचारी. त्यांचे पुढारी बापू भोंगळे. त्यांनी बांधलेलं हे वस्तीतलं पहिलं घर.

घरात जे जे सापडलं त्याला मी पाट्या लावल्या होत्या. बापूंची काठी, बापूंचा अडकित्ता, बापूंची घोंगडी. काठी गुरुवारच्या बाजारातून आणलेली होती हे मला आणि विश्वस्तांना दोघांनाही ठाऊक होतं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, की पाटाला पाणी येण्याच्या अर्धा तास आधी बापूंना त्याची चाहूल लागे, आणि या दैवी देणगीमुळेच वस्ती तगली. शाळेच्या सहली आल्या की मुलं हे वाचून बापूंच्या फोटोला हात जोडत.

मधल्या खोलीत भिंतीलगत एक रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला होता. त्याच्यावर मी 'धान्य साठवण्याचा रांजण' अशी पाटी लावली होती. फेब्रुवारीत सहलीतल्या एका मुलीचा पाय त्यात गेला, गुडघा खरचटला, बाईंनी आरडाओरडा केला. दुसऱ्या दिवशी मी सात घमेली वाळू ओतून तो काठोकाठ भरून टाकला. मग वाटलं, ही सारवलेली जमीन तरी कशाला हवी? दर आठवड्याला सारवायला बाई मिळत नाही, पोपडे उडतात. शहाबादी फरशी घालू या, असं मीच सुचवलं. विश्वस्तांचे अध्यक्ष दिनकरराव भोंगळे, म्हणजे बापूंचे नातू, खूश झाले. अक्षय्यतृतीयेला समारंभ ठरला. त्या दिवशी मला नोकरीत कायम करायचंही त्यांनी कबूल केलं होतं.

आणि म्हातारी आली त्याच दिवशी, उन्हं कलल्यावर, रज्जाक मिस्त्री कोबा टाकायला येणार होता.

मी तिला तसं सांगितलं. जरा तोऱ्यातच सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

"आज?" ती म्हणाली. "आजच?"

मग तिनं सांगितलं की ती ठकूबाई, बापूंची धाकटी लेक, याच घरात जन्मलेली. शहात्तर वर्षांची झाली होती. लग्न होऊन लांब खानदेशात गेली, मधल्या काळात भाऊबंदांत बिनसलं, त्यामुळे चाळीस वर्षांत इथं पाऊल टाकलं नव्हतं. घरात फरशी बसणार असं कुणाकडून तरी कळलं तशी लेकीला न सांगता दोन एस्ट्या बदलून आली होती.

"मला रांजण मोकळा करून दे," ती म्हणाली. "दुसरं काय मागत न्हाई. त्याच्यावर कोबा पडू देऊ नको."

एवढंच तिचं मागणं. कारण विचारलं तर म्हणाली, ह्या रांजणातून पाणी कळतं.

मला तिची दया आली, आणि खरं सांगायचं तर थोडी गंमतही वाटली. वाळू काढल्यानं माझं काही बिघडत नव्हतं, कोबा टाकायच्या आधी परत भरता आली असती. आम्ही दोघी बसलो. मी डब्यानं वाळू उपसत होते आणि ती ओंजळीनं. रांजण केवढा मोठा आहे हे मला तेव्हा कळलं. शेवटी पोटावर आडवं पडून खांद्यापर्यंत हात आत घालावा लागला. तळाला एक जुनी चीर होती. धान्याचा एक दाणाही निघाला नाही. ठकूबाईंनी पदरानं आतली बाजू पुसून घेतली, मग रांजणाच्या कडेवर दोन्ही तळवे टेकून बसून राहिल्या.

मी कान लावून पाहिला. आत नुसती पोकळी होती, रिकाम्या भांड्याला कान लावला की जे ऐकू येतं तेच. मागच्या दाराबाहेर पाट महिन्याभरापासून कोरडा पडला होता आणि त्यात दोन शेळ्या चरत होत्या.

तीन वाजता दिनकरराव आले. आत्याला बघून त्यांनी आधी नमस्कार केला, डोळे पुसले, घरी चल म्हणून आग्रह केला. माणूस वाईट नव्हता. पण रांजणाची गोष्ट कळल्यावर त्यांना हसू आवरेना. तिच्या अगदी समोर वाकून, एकेक शब्द सुटा करून ते म्हणाले, "आत्या, तुला तर शेजारी भोंगा वाजला तरी ऐकू येत नाही. तू ह्या मडक्यातून पाणी ऐकणार?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हातारी ठार बहिरी होती. समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखत होती. मघाशी मी तिला गर्विष्ठ ठरवून मोकळी झाले होते याची मला लाज वाटली.

"माझं सोड," ठकूबाई म्हणाल्या. "पाणी कधी सुटायचंय?"

"उद्या दुपारी. सकाळीच पाटबंधारेवाल्यांना विचारलंय."

"मंग उद्यापतुर थांब."

दिनकररावांनी मान हलवली. मिस्त्री उद्यापासून दुसऱ्या कामाला जाणार होता, समारंभाला चार दिवस उरले होते, पत्रिका वाटून झाल्या होत्या. त्यांनी आत्याला समजावलं की पाण्याची चाहूल लागायची ती बापूंना. ती त्यांची स्वतःची देणगी होती, तिचा मडक्याशी काय संबंध? साऱ्या जिल्ह्याला हे माहीत आहे, भिंतीवर लिहिलंय.

ठकूबाईंनी भिंतीवरचा मजकूर सावकाश वाचला. त्यांना वाचता येत होतं.

"बापूला काय कळत व्हतं त्ये मला म्हाईत हाय, दिनू," त्या म्हणाल्या. "माल कालवून हुईस्तवर तरी बसू दे."

एवढं मात्र दिनकररावांनी कबूल केलं.

साडेचारला रज्जाक मिस्त्री आला. दारात सिमेंट, खडी आणि वाळू ओतली. मी रांजणातून उपसलेली वाळूही त्यानं त्याच ढिगात घेतली. फावड्याचा आवाज सुरू झाला. ठकूबाईंना तो ऐकू येत नव्हता, पण दारातून फावडं दिसत होतं. त्या कडेवर हात ठेवून बसल्या होत्या, जरा वेळानं वाकून त्यांनी कपाळच कडेला टेकवलं. दिनकरराव घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते. फरशीची कल्पना माझी, वाळू माझी, आणि आता मनात येत होतं की मिस्त्रीचं फावडं मोडावं.

"साहेब, माल तयार आहे," रज्जाक म्हणाला. "उन्हाचा माल आहे, थांबणार नाही. बाईंना उठवा."

दिनकरराव आत्याच्या खांद्याला हात लावायला वाकले, तोच ठकूबाईंनी एक हात वर केला. डोळे मिटलेलेच. आम्ही सगळे होतो तिथं थांबलो.

"धबधब्याला पाणी आलं," त्या म्हणाल्या.

आमच्या घरापासून अर्ध्या मैलावर, टेकाडाच्या पलीकडे, पाट दोन पुरुष उंचीवरून खाली पडतो. त्या जागेला गावात धबधबा म्हणतात. भर पाणी असतानाही त्याचा आवाज घरापर्यंत येत नाही. मी कान टवकारून ऐकलं. वारा होता, लांबवर एक ट्रॅक्टर होता, बाकी काही नाही. रांजणापाशी वाकून पुन्हा कान लावला. तेही व्यर्थ.

"आत्या, पाणी उद्या आहे," त्यांनी डोळे उघडल्यावर दिनकरराव म्हणाले.

"अर्ध्या तासात हितं येतं," त्या म्हणाल्या. "न्हाई आलं तर वत तुझा कोबा. म्या हूं की चूं करनार न्हाई."

रज्जाकनं दिनकररावांकडे पाहिलं. अर्धा तास थांबलं तर तो सगळा माल वाया जायची भीती होती. आत्याला खोटं पाडायचं सोपं साधन त्यांच्यासमोर आयतं आलं होतं, कदाचित तेवढ्यासाठीच ते हो म्हणाले. रज्जाकनं कुरकुरत मालावर ओलं पोतं टाकलं.

आम्ही तिघं मागच्या दारानं पाटावर जाऊन उभे राहिलो. ठकूबाई आल्या नाहीत. त्या रांजणापाशीच बसून होत्या.

ती वीस-पंचवीस मिनिटं मला अजून आठवतात. कोरड्या पाटात भेगा पडलेला गाळ, बाभळीच्या शेंगा, कुणाची तरी तुटकी चप्पल. शेळ्या निवांत चरत होत्या. दिनकररावांनी दोनदा घड्याळ पाहिलं, मग पाहायचं सोडून दिलं. रज्जाक तंबाखू मळत होता, त्याचा हात मध्येच थांबला. शेळ्यांनी माना वर केल्या आणि एकदम काठावर उड्या मारल्या.

वळणावरून पाणी आलं. पावसाचं पाणी येतं तसं ते धावत आलं नाही. गुडघाभर उंचीची, मातकट रंगाची एक कड पाचट, काटक्या, शेंगा पुढं लोटत सावकाश सरकत होती. तिच्या पोटात भेगांमधली हवा बुडबुड करत होती. तुटकी चप्पल उचलली गेली, एकदा गिरकी घेतली आणि आमच्यासमोरून निघून गेली. मागं भरला पाट वाहायला लागला. खात्यानं एक दिवस आधीच पाणी सोडलं होतं आणि कुणालाच कळवलं नव्हतं.

मी देवाधर्मातली नाही, तरी हात आपोआप जोडले गेले. दिनकरराव पाण्याकडे बघत उभेच राहिले. रज्जाक इतकंच म्हणाला, "साहेब, हा माल मी बाहेरच्या पायरीला वापरतो." आणि उत्तराची वाट न बघता निघून गेला.

आम्ही आत आलो तेव्हा ठकूबाईंनी विचारलंही नाही. आमची तोंडं बघूनच त्यांना समजलं असावं.

"म्हणजे बापू इथं बसायचे?" दिनकररावांनी त्यांच्यासमोर मांडी घालत विचारलं. "ह्या रांजणापाशी?"

"बापू कशाला बसतील? त्यांस्नी चांगलं ऐकू येत व्हतं," ठकूबाई म्हणाल्या. "आई बसायची. आई बहिरी व्हती."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पाट आला तसे डास आले आणि वस्तीत हिवताप शिरला. आठ कुटुंबांत एकही घर सुटलं नाही. सरकारी दवाखान्यातून कोयनेलच्या गोळ्या मिळत. लोक त्या मुठीनं खात, कारण दुसरा उपाय नव्हता. गोळ्यांनी ताप उतरे, पण कित्येकांचे कान जात. ठकूबाईंच्या आईचा जीव वाचला आणि दोन्ही कान गेले. तेव्हा ती पंचविशीचीही नव्हती.

त्या काळी पाण्याची पाळी कधी येईल याचा नेम नसे. पाणी आलं की फावडं घेऊन लगेच दारं धरायची, म्हणजे सरीसरीत पाणी वळवायचं. नाही तर ते पुढच्या चारीला निघून जायचं आणि लावलेलं उसाचं बेणं वाळून जायचं. पहिली दोन वर्षं तसंच गेलं. धबधब्यावर माणूस बसवावा, तर जो जाई तो तापानं तिथंच पडे. आठांपैकी तीन कुटुंबांनी परतीसाठी गाड्या जुंपायची तयारी केली होती.

रांजण तेव्हा पिण्याच्या पाण्याचा होता. तो तडकला. एक दिवस आई आत डोकं घालून तो घासत होती आणि तिच्या गालाला काहीतरी थरथरलं. ती घाबरून मागं सरली. थोड्या वेळानं पाटाला पाणी आलं. पुढच्या पाळीलाही तसंच झालं. त्याच्या पुढच्या पाळीला तिनं नवऱ्याचा हात धरून ओढत आणला, त्याचं डोकं रांजणाच्या कडेवर दाबलं. बापू आधी चिडले, मग गप्प झाले, आणि फावडं घेऊन धावत सुटले. त्या दिवशी आठही मळे भिजले.

"मग त्यांनी आजीचं नाव का नाही सांगितलं?" दिनकरराव म्हणाले. त्यांचा आवाज लहान झाला होता.

"कुनाला सांगायचं? बहिऱ्या बाईनं सांगितलं म्हनून तापातला गडी फावडं घेऊन उठला असता का? बापू म्हनाला, मला चाहूल लागली, तवा समदी उठली. आईच म्हनली त्याला, तूच सांग म्हनून. पानी आल्याशी काम." ठकूबाईंनी कडेवरून हात फिरवला. "अठरा वर्सं ती हितं निजली. उशी घेतली न्हाई कधी. ह्या कडेवर कपाळ ठेवून निजायची. मला बी तिनंच शिकवलं."

दिनकररावांनी भिंतीवरच्या मजकुराकडे पाहिलं. तिथं बापूंची देणगी मोठ्या अक्षरांत होती. तो मजकूर त्यांच्या भाषणातही होता, तोंडपाठ. ते पुढं सरकले, गुडघे टेकले आणि पांढरी टोपी काढून कपाळ रांजणाच्या कडेला लावलं. किती वेळ तसेच होते कोण जाणे. उठले तेव्हा कपाळावर मातीची गोल खूण उमटली होती. ती त्यांनी पुसली नाही. "फरशी घालायची नाही," एवढंच म्हणाले आणि बाहेर गेले.

मी मात्र अजून कानच लावत होते. ठकूबाई हसल्या. दिवसभरात पहिल्यांदाच हसल्या.

"कान लावून काय व्हनार? कानाचं त्यात काम न्हाई. कपाळ टेक. दात मिटून घे."

मी तसं केलं. आधी काहीच नाही. मग माझ्या दातांत, जबड्यात, डोळ्यांच्या मागं एक बारीक, एकसारखी थरथर सुरू झाली. अर्ध्या मैलावर, टेकाडापलीकडे पाणी कोसळत होतं आणि ते माझ्या हाडांत येऊन पोचत होतं. आवाज कसलाही नव्हता. इतका वेळ मी या घराची राखणदार म्हणून मिरवत होते. या घराला काय कळतं हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

जरा सावरल्यावर मी वही घेतली. धान्याच्या रांजणाची जुनी पाटी मी काढून टाकली. ठकूबाईंच्या समोर बसून, त्यांना ओठ दिसतील असं विचारलं, "आजी, आईंचं नाव काय? पाटीवर लिहायचंय."

"सगुना," त्या म्हणाल्या. मी 'सगुणा भोंगळे' असं लिहून घेतलं. मग त्या वहीकडे बघत म्हणाल्या, "कागदावर लिव्ह. पर त्ये नाव घरात कुनी घेतलं न्हाई. ऐकू येत न्हाई तर हाक मारून काय उपेग?"

"मग बोलवायचे कसे?" त्यांनी वर पाहिल्यावर मी विचारलं.

त्यांनी मला पुन्हा कपाळ टेकवायला सांगितलं. मी टेकवलं, डोळे मिटले. त्या हळूहळू उठून चुलीच्या कोपऱ्याकडे गेल्याचं मला जाणवलं, कारण त्यांचं प्रत्येक अनवाणी पाऊल रांजणाच्या कडेतून माझ्यापर्यंत पोचत होतं. मग त्या थांबल्या. बहुधा खाली बसल्या. आणि त्या सारवलेल्या जमिनीवर त्यांनी तळहातानं तीनदा थापटलं.

ते तीन ठोके माझ्या कपाळात उतरले. आणि कुणी आपल्याला हाक मारल्यावर माणूस बघतं तसं, मी मान वर करून पाहिलं.